बरं, येते

शनिवार, संध्याकाळ

चि. सौ. मिरी,

'सौ.' आज पहिल्यांदा लिहिलं. तिथे शाई जरा फुटली आहे, तो पेनाचा दोष.

बुधवारी फोनवर मुद्द्याचं राहून गेलं म्हणून लिहितो. तुमच्या घरमालकीणबाईंचा रेडिओ मध्ये इतका वाजत होता की निम्मं बोलणं मी अंदाजाने जुळवलं. शेवटचं मात्र नीट ऐकलं. मी म्हणालो, शुक्रवारची बोट सोयीची आहे, शनिवारी दुपारी इथे लागते, जावईबापूंना सुट्टी नसेल तर तू एकटी ये. तू म्हणालीस, "बरं, येते." आणि फोन ठेवलास.

आता, फोन ठेवतानाचं 'येते' आणि बोटीत बसण्याचं 'येते' यांतला फरक न कळण्याइतका मी खुळा नाही. तू मला वाटेला लावलंस, एवढंच. म्हणून मी आज धक्क्यावर गेलो नाही. कोल्ड स्टोरेजच्या मागच्या दारातून धक्का दिसतो. तिथून नजर जात होती, ती दाराची चौकट तपासताना. चौकट वरच्या कोपऱ्यात सूतभर बाहेर आहे आणि इथल्या सुताराला ते मान्य नाही. खोलीत एक जास्तीची खाट आणून ठेवली आहे. ती माझ्या पाठीसाठी. आधीच्या खाटेला मधोमध झोळ पडला आहे.

काम संपत आलं. मासळी ठेवायच्या मोठ्या खोलीत यंत्र चालू करून बघितलं. पाहिजे तितकं खाली उतरलं आणि तिथे थांबलं. इथे सगळे मला मिस्त्री म्हणतात. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मिस्त्री भिंती बांधतो, मी गारवा बांधतो. तेव्हापासून वेल्डर मला 'गारवा मिस्त्री' म्हणतो. हा वेल्डर आपल्याकडचाच. माझ्याहून बराच लहान, हात चांगला, तोंड त्याहून चालतं. त्याचा पाठचा भाऊ आजच्या बोटीने इथे कामाला यायचा होता. गडी सकाळपासून दाढी करून तयार.

दुपारी कँटीनमधल्या टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती. तीत आपल्या बोटीचं नाव आलं आणि पुढे इथल्या भाषेतला एक शब्द. तो शब्द मला येतो. बसस्टँडच्या फळ्यावर शिकलो. गाडी वेळेवर नसली की तिच्यापुढे तो लावतात. मी वेल्डरला म्हणालो, "उशीर आहे."

"नक्की का, मिस्त्री?"

"शब्द मला विचारायचे. वेल्डिंग तुला."

हसला. भावासाठी घेतलेलं ताट झाकून कँटीनवाल्याकडे ठेवून आला.

लग्नाच्या कार्डाबद्दल मी पुन्हा काही लिहिणार नाही. जावईबापू शाळेत चित्रकला शिकवतात, कार्ड त्यांनी स्वतः काढलं, अक्षर सुरेख होतं, आणि म्हणूनच ती चूक जास्त डोळ्यांत भरत होती. आशीर्वादातला शी दीर्घ असतो. लाल पेन्सिलीने गोल करून मी ते परत पाठवलं, ते लोकांनी तुला हसू नये म्हणून. त्यावर तुझं उत्तर आलं नाही. लग्नाच्या आठवड्यात इथे कॉम्प्रेसर बसवत होतो, ते अर्ध्यावर टाकून येता येत नाही, हेही तेव्हाच कळवलं होतं.

जावईबापूंना नमस्कार. तुला अनेक आशीर्वाद, दीर्घ.

बाबा


रविवार, दुपार

मिरी,

तू कुठे आहेस?

त्या शब्दाचा अर्थ उशीर नाही. 'आलेली नाही', एवढाच त्याचा अर्थ. उशिराच्या गाडीपुढेही तो लावतात आणि कधीच न येणाऱ्या गाडीपुढेही. मी फक्त उशिराच्या गाड्या पाहिल्या होत्या.

सकाळी कँटीनमध्ये गेलो तर कुणी बोलत नव्हतं. टीव्हीवर बोटीचं चित्र होतं. फोटोच, हलत नव्हता. आपल्या शाळेच्या पुस्तकात होता तोच, धुराड्यावर झेंडा रंगवलेला. तुझं पुस्तक मी कव्हर घालून द्यायचो, तेव्हा त्या पानाशी तू थांबायचीस. मला वाटलं, बोटीचा काही वाढदिवस असेल. मग बघितलं तर फोरमनने टोपी काढून हातात घेतली होती आणि सगळे आम्हा दोघांकडे बघत होते. आपल्याकडचे असे इथे आम्ही दोघंच.

वेल्डर मला म्हणाला, "काय लिहिलंय?"

मला वाचता येत होतं. अक्षरं सगळी येत होती. शब्द लागत नव्हता. कँटीनवाला पुढे आला, त्याने पालथा हात टेबलावर ठेवला, सपाट, आणि तो हळूहळू कडेपर्यंत नेऊन खाली सोडला. मग दोन्ही हात पुसून घेतले, कोरडेच होते तरी.

वेल्डर म्हणाला, "मिस्त्री, उशीर आहे म्हणालात ना तुम्ही?"

शुक्रवारी रात्रीच बुडाली. चारशेच्या वर माणसं होती म्हणतात. मच्छीमारांनी काहींना वर काढलं. वाचलेले काही इकडे आणले, बरेचसे आपल्या बाजूला नेले. इकडच्या हॉस्पिटलात आम्ही दोघं जाऊन आलो. एका मोठ्या हॉलमध्ये सगळे ठेवलेत. मी एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने. तू नव्हतीस. त्याचा भाऊ नव्हता. परत येताना तो म्हणाला, "बऱ्याच जणांना आपल्या बाजूला नेलंय." मी म्हणालो, "हो. तेच जवळ पडतं." ते जवळ पडत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

बंदराच्या ऑफिसात बाहेरदेशी बोलायची एकच लाइन आहे. ऑपरेटरने तुमच्या घरमालकीणबाईंचा नंबर किती वेळा फिरवला असेल. आपल्या देशाच्या सगळ्या लाइन भरलेल्या आहेत. सगळा देश एकमेकांना विचारत असणार, तू आहेस ना, तुमचं कुणी नव्हतं ना. ऑफिसच्या रेडिओवर आपलं स्टेशन लागलं. दुखवटा जाहीर केला, झेंडे उतरवले, आणि मग कुणी बोलेना, नुसतं संथ वाद्य. मी तिथे उभा राहून ते ऐकत होतो. त्यात तुझ्याबद्दल काही कळणार होतं असं नाही.

मिरी, कालच्या पत्रात मी 'बरं' नंतर स्वल्पविराम दिला आहे. तो मी दिला. तू दिला होतास का, ते मला आठवत नाही. 'बरं' म्हणून तू थांबली असशील, तर ते माझ्या बोलण्याला उत्तर होतं. मग 'येते' म्हणजे बोटीने येते. 'बरंयेते' असं एका दमात म्हणाली असशील, तर तू फोन ठेवत होतीस, कंटाळून, आणि मग तू घरी आहेस. बुधवारपासून कालपर्यंत मला या दुसऱ्या अर्थाचा राग येत होता. ते मध्ये रेडिओत काय लागलं होतं कोण जाणे, नेमकी तेवढी जागा मला ऐकू येत नाही.

टपाल त्याच बोटीने जायचं. कालचं पत्र माझ्या खिशातच आहे, हेही तिथेच जाणार.

बाबा


सोमवार

मिरी,

आज त्यांनी माझी खोली मागितली. राहायची नव्हे, मासळीची.

बंदर अधिकारी आला, त्याच्याबरोबर हॉस्पिटलची डॉक्टरीणबाई आणि दुभाषी बाई. ही दुभाषी बाई इथलीच, आपली भाषा पुस्तकांतून शिकलेली. छापील बोलते. म्हणाली, "आपण कृपया आपला कक्ष मृत व्यक्तींसाठी उपलब्ध करून द्यावा." हॉस्पिटलातली जागा संपली आहे. मी विचारलं, किती गार? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोठवायचं नाही. शून्याच्या वर, पण फार वर नाही. नातेवाईक येतील, त्यांना चेहरा ओळखता आला पाहिजे.

मी हो म्हटलं. मासळीसाठी लावलेलं यंत्र वर आणायचं म्हणजे नुसती कळ फिरवून होत नाही. झडप पुन्हा लावली, थर्मामीटरची तार लांबवून तबकडी बाहेर भिंतीवर आणली, म्हणजे गारवा बघायला दार उघडावं लागू नये. फोरमन म्हणाला, छान सुचलं. मला दार उघडायचं नव्हतं, मिरी.

दुपारनंतर आणायला लागले. मी बाहेर तबकडीकडे तोंड करून स्टुलावर बसलो. काटा दर वेळी वर चढायचा आणि मग खाली यायचा. किती जण आत गेले ते मी काट्यावरून सांगू शकलो असतो. मोजलं नाही.

मग दुभाषी बाईने टेबल मांडलं. ज्यांचं कुणी बोटीवर होतं त्यांनी सांगायचं. वेल्डरने भावाचं सांगितलं, नाव, वय, उंची, निळा स्वेटर. नंतर ती माझ्याकडे वळली.

"आपलेही कोणी होते काय?"

"माझी मुलगी. पण माहीत नाही."

"त्या येणार होत्या काय?"

"येते म्हणाली होती."

तिने लिहायला सुरुवात केली. मी म्हणालो, "लिहू नका. तसं नाही. आमच्यात जाताना 'येते' म्हणतात."

ती थांबली. "जाताना 'जाते' म्हणतात."

"नाही म्हणत. 'जाते' कुणी म्हणत नाही, बरं वाटत नाही ते. दारातून बाहेर पडताना येते. फोन ठेवतानाही येते."

"मग येताना काय म्हणता?"

"तेव्हाही येते."

तिने पेन खाली ठेवलं. इतका वेळ तिने एकदाही पेन खाली ठेवलं नव्हतं. "मग कळते कसे?"

"माणूस समोर असतो. कळतं."

"फोनवर?"

वेल्डर मागून म्हणाला, "बाई, यांना शब्दांचं विचारू नका. आधीच एका शब्दाने मारलंय आम्हाला." रागाने म्हणाला नाही. जागा मिळाली की तोंड चालवायची सवय आहे त्याला, त्या सवयीने.

मिरी, व्याकरणात मी आजवर कुणाला सूट दिली नाही, तुला तर नाहीच. आणि आज त्या परक्या बाईपुढे उभा राहून मी भांडत होतो की एका शब्दाचे दोन अर्थ होतात, दोन्ही बरोबर आहेत, कृपा करून एक धरू नका. तिला समजावं म्हणून मी म्हणालो, "माझी बायको. ऑपरेशनला आत नेताना ती मला 'येते हं' म्हणाली."

"आल्या?" तिने विचारलं.

"नाही."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तुझं नाव न लिहिता कागद उलटा ठेवला. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, नाव नाही म्हणजे तुला कुणी शोधणारही नाही. तरी मी तिला परत हाक मारली नाही.

लाइन आजही मिळाली नाही.

बाबा


मंगळवार

मिरी,

मी आत जाऊन आलो.

दार सारखं उघडत होतं. बाहेरची दमट हवा आत जायची आणि पंख्यामागच्या कॉइलवर, गारवा देणाऱ्या नळ्यांवर, बर्फ धरायचा. दुपारी आतल्या पंख्याचा आवाज बदलला. पातं बर्फाला घासतंय हे मला बाहेरूनच कळलं. थोड्या वेळाने पंखा थांबला. काटा वर चढायला लागला आणि वरच राहिला. डॉक्टरीणबाईंनी तबकडी बघितली, मग मला बघितलं. हे दुसऱ्या कुणाला सांगता येणारं काम नव्हतं.

शिडी धरायला वेल्डर आला. मी म्हणालो, "तू थांब, फोरमनला बोलावतो." तो म्हणाला, "शिडी मीच जोडलीये, तिचा एक पाय आखूड आहे. मलाच धरता येते."

पंखा पलीकडच्या भिंतीवर, उंच. मधून जायला त्यांनी वाट ठेवली आहे. दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी. मी नजर पंख्यावर ठेवून चाललो. कोमट पाण्याच्या बादल्या आणवल्या होत्या. शिडीवर चढून बर्फ विरघळवत बसलो, पाठ सगळ्यांकडे. कॉइलच्या पातळ पत्र्यांवर ठोकायचं नसतं, वाकतात, म्हणून पाणी हळू सोडावं लागतं. घाई करता येत नव्हती. एवढ्या गारव्यात माझा सदरा पाठीला चिकटला होता.

भांडं रिकामं झालं म्हणून खाली वाकलो. शिडीच्या पायाशी एका चादरीबाहेर केस आले होते. लांब, ओले, बाईचे. मी तसाच वाकलेला राहिलो.

मिरी, तुझे केस आता किती लांब आहेत ते मला माहीत नाही. मी निघालो तेव्हा खांद्यापर्यंत होते. लग्नासाठी वाढवलेस की कापलेस, कुणी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लग्नाचा फोटो मागवला असता तर आला असता. एक चादर बोटभर सरकवली की कळणार होतं. माझा हात तिथपर्यंत पोचत होता.

मी भांडं भरून घेतलं आणि परत वर चढलो. त्या क्षणी तू घरी होतीस. चादर सरकवली नाही तोवर तू घरी होतीस.

वरून बर्फाचा मोठा तुकडा सुटून पडला. मी खाली पाहिलं तर शिडी कुणीच धरलेली नव्हती. वेल्डर चार-पाच चादरी पुढे जमिनीवर बसला होता. चादरीच्या कडेला निळी बाही दिसत होती. तो ती बाही मनगटाकडे ओढून सरळ करत होता. आखूड झाली होती, पाण्याने असेल. पुन्हा पुन्हा ओढत होता.

मी शिडीवरून म्हणालो, "अरे."

तो वर न बघता म्हणाला, "पंखा झाला का, मिस्त्री?"

"होतोय."

"होऊ दे. गार राहू दे त्याला." मग म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात ना, उशीर आहे. आला बघा."

मी पंख्याचं पातं हाताने फिरवून बघितलं. मोकळं होतं. खाली उतरलो, बाहेर जाऊन कळ दाबली, परत आत आलो आणि त्याच्याशेजारी बसलो. जमीन फार गार होती. डॉक्टरीणबाईंनी दारातून बघितलं आणि दार ओढून घेतलं, पूर्ण नाही.

काटा जागेवर आला आहे.

बाबा


बुधवार

मिरी,

सकाळी फोनवर मी जे बोललो ते बोलणं नव्हतं. तुला काय वाटलं असेल ते मला कळतंय, म्हणून हे.

ऑफिसबाहेर रांग होती. मी पुढे, वेल्डर माझ्या मागे. त्याला आईला कळवायचं होतं, आणि त्याची लाइन लागेपर्यंत मी त्याच्यासोबत थांबणार होतो. माझ्या नंबराचा मी नाद सोडला होता, खरं म्हणजे मला आता तो लागायला नकोच होता. तेवढ्यात दुभाषी बाई आतून आली, हातात रिसीव्हर, तार ताणून दारापर्यंत आणलेली. मला म्हणाली, "आपल्या कन्या..."

आणि तिथेच थांबून तिने रिसीव्हर पुढे केला. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ते यायच्या आधी मी काय काय क्रियापदं लावून पाहिली, ते इथे लिहीत नाही.

"बाबा?"

"बोल."

"शनिवारपासून लावतेय, लाइनच मिळत नव्हती. तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय होतंय. तू कुठून बोलतेस?"

"घरून. कुठून बोलणार?"

"तू येते म्हणाली होतीस."

तुमच्याकडचा रेडिओ आज बंद होता. बंदच ठेवला असणार.

"बाबा, मी फोन ठेवत होते."

"अच्छा."

"मी येणार नव्हते. खोटं कशाला सांगू. रागातच होते मी. तुम्ही लग्नाचं काही विचारलं नाहीत आणि बोटीचं टाइमटेबल सांगत बसलात."

"बरं."

"बरं काय?"

"बरं केलंस."

तू रडत होतीस, मला ऐकू येत होतं. मग नाक ओढून म्हणालीस, "आणि कार्डं परत काढली होती यांनी. सगळी. हाताने. दीर्घ करून."

"सगळी?"

"सगळी. तुमच्या एका शीपायी. लोक म्हणाले, किती सुंदर. तुम्ही तेवढे नव्हतात बघायला."

मी म्हणालो, "ठेवतो. मागे माणसं आहेत."

मागे माणसं नव्हती, मिरी. एकच होता. माझ्या खांद्याला लागून उभा होता आणि तुझा आवाज रिसीव्हरमधून त्यालाही ऐकू येत होता. मी दाराला धरून उभा होतो. पण तोंडावर काही येऊ दिलं नाही. त्याच्यासमोर मला ते येऊ देता येईना. म्हणून 'ठेवतो'. तुला वाटलं असेल, म्हातारा तसाच आहे, कोरडा. असू दे. तू घरी बसून मला कोरडा म्हण.

मी रिसीव्हर खाली ठेवला तर तो म्हणाला, "पोरगी आहे ना?"

"आहे."

"चला, एक बरं झालं." आणि माझ्या पाठीवर त्याने थाप मारली. त्याने माझ्या पाठीवर. तेव्हापासून पाठीवरची ती जागा मला कळते आहे.

त्याची लाइन शेजाऱ्यांकडे लागली. आईला बोलवायला सांगितलं. वाट बघताना तो मला म्हणाला, "मिस्त्री, काय सांगू तिला? शब्द तुम्हाला विचारायचे ना?"

माझ्याकडे नव्हता. दुभाषी बाईकडेही नव्हता, ती खिडकीतून बाहेर बघत होती.

पलीकडून आवाज आला. बारीक, धापा टाकणारा, जिना चढून आल्यासारखा. वेल्डर म्हणाला, "आई. हो, मीच. हो, भेटला. आई, ऐक, आम्ही येतोय. दोघं येतोय." आणि त्याने फोन ठेवला.

दुभाषी बाईने माझ्याकडे बघितलं. परवाचं तिला आठवत होतं. पलीकडे त्याच्या आईने कोणता अर्थ धरला असेल, ते आता या बाईलाही समजत होतं. त्याची आई आता घर झाडून घेत असेल. शेजारच्यांना सांगत असेल.

वेल्डर भिंतीला टेकून म्हणाला, "चुकलं माझं. पण खोटं नाही बोललो मी, बघा."

मी म्हणालो, "खोटं नाही."

"मग परत फोन लावा. तुम्ही सांगा."

मी ऑपरेटरला नंबर दिला. लाइन भरलेली. तासाभराने पुन्हा. भरलेली. ऑफिस बंद होईपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.

बाबा


शुक्रवार, सकाळ

मिरी,

आपल्या सरकारने मालवाहू बोट पाठवली आहे, एरवी फळं नेणारी. तिचं पोट गार राहतं, पण यंत्र जुनं आहे आणि वाटेत सोबत जाणकार माणूस हवा. बंदर अधिकाऱ्याने फोरमनला विचारलं, फोरमनने मला विचारलं. इथलं दार अजून चौकटीत नीट बसलेलं नाही, ते तसंच सोडून निघतो आहे. एवढं वाचून तुला कळेल.

वेल्डर बरोबर आहे. फोन काल दिवसभर लागला नाही, दर वेळी तो हुश्श करायचा आणि मग स्वतःवरच चिडायचा. आता ठरलं आहे. आधी त्याच्या आईच्या दाराशी जायचं. तो म्हणतो, "मी मागे उभा राहीन, तुम्ही पुढे व्हा. तुमच्याकडे बघून तिला निम्मं आपोआप कळेल, तोंडच तसं आहे तुमचं." मी म्हणालो, बरं. दार उघडल्यावर काय म्हणायचं ते मी अजून शोधतो आहे. बोटीवर वेळ मिळेल. न सापडला शब्द तरी दाराशी उभा मीच राहणार आहे.

दुभाषी बाई धक्क्यावर आली होती. काय म्हणावं तिला सुचेना. मग मला म्हणाली, "या." आणि लगेच विचारलं, हे बरोबर आहे काय, जाणाऱ्या माणसाला 'या' म्हणतात काय? मी म्हणालो, बरोबर आहे.

ही पत्रं टपालात टाकत नाही, बरोबर आणतो आहे. लाल पेन्सिल इथे फोरमनला देऊन टाकली, त्याला लाकडावर खुणा करायला होईल. कार्ड एखादं उरलं असेल तर ठेव, मला बघायचं आहे.

त्या माउलीच्या दारातून निघालो की तिथून तुझ्याकडे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

येतो.

बाबा